वाचकांचे प्रश्न : मोडेम कंपनीचा राहू दे, राउटर मात्र बघून घ्या

मागच्या अंकात ओपनडब्ल्यूआरटीबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्या जागी टाकता येणारं मोफत, खुलं लिनक्स. त्यावर कोल्हापुरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रं आलीत. बहुतेकांचा मूळ प्रश्न एकच आहे, घ्यायचं काय. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

घरी फायबर आहे, २०० एमबीपीएसचा प्लॅन. मी घरून काम करतो, बायको ऑनलाइन क्लास घेते, पोरांचा टीव्ही चालूच असतो. कंपनीनं दिलेला डबा रोज अडकतोय, बंद करून चालू केला की परत बरा. मला स्वतःचा मोडेम आणि स्वतःचा राउटर घ्यायचाय आणि दोन्हीत ओपनडब्ल्यूआरटी टाकायचंय. कुठला मोडेम, कुठला राउटर, सरळ नावं सांगा की.
— एक वाचक, ताराबाई पार्क

नावं सांगतो, पण आधी मोडेमचं बघू, कारण पैसे तिथंच वाया जातात. फायबरवर आपण ज्याला मोडेम म्हणतो तो खरं तर ओएनटी, कुणी ओएनयू म्हणतं, फायबरमधून आलेला प्रकाश घेऊन त्याचं इथरनेट करून देणारा डबा. जीपॉन नावाच्या फायबरच्या पद्धतीच्या लाईनवर एका फायबरमधून खाली येताना साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाताना १.२५ जीबीपीएस एवढी जागा असते आणि ती स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. आता एवढी घरं एकाच फायबरवर बोलणार म्हटल्यावर कुणी कधी बोलायचं हे कंपनीच्या बाजूचं मशीन ठरवतं, त्याला ओएलटी म्हणतात, आणि ते तुमच्या ओएनटीला त्याच्या सिरीयल नंबरवरून ओळखतं. बाजारातून दुसरा ओएनटी आणून लावलात तर कंपनीनं त्याचा नंबर सिस्टीममध्ये चढवल्याशिवाय लाईन उठणारच नाही. आणि ओपनडब्ल्यूआरटी तर बहुतेक ओएनटींवर चालतच नाही, कारण त्यातल्या फायबरच्या भागाचे ड्रायव्हर खुले नसतात. तेव्हा मोडेमवर एक रुपयासुद्धा घालू नका, कंपनीचा आहे तोच भिंतीवर राहू दे, फक्त त्याच्याकडून काम कमी करून घ्या.

काम कमी करायचं म्हणजे ब्रिज मोड. ब्रिज केला की ओएनटी फक्त प्रकाशाचं इथरनेट करतो, आणि लॉगिन, वाय-फाय, फायरवॉल, आयपी वाटणं हे सगळं तुमच्या राउटरकडं येतं. तुमचा डबा अडकतो तो बहुतेक या वरकामानंच अडकत असणार, दोनचार डझन फोन-टीव्ही-लॅपटॉप सांभाळायचे आणि मेमरी तुटपुंजी. कंपनीच्या माणसाला फोन कराल तेव्हा चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: ब्रिज करून देता का, लॉगिन पीपीपीओईनं होतं का आणि असेल तर युजरनेम-पासवर्ड काय, व्हीलॅन नंबर (लाईनवरची वाहतूक वेगळी ओळखायचा आकडा) लागतो का आणि कुठला, आणि घरातला लँडलाईन फोन याच डब्यातून चालत असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडणार नाही ना. व्हीलॅनचा नंबर विचारायचा लोक हमखास विसरतात. मग नवा राउटर लावून तास-तास बसतात, सगळं बरोबर भरलेलं असतं आणि तरी नेट येत नाही, कारण तो एक आकडा राहिलेला असतो.

ब्रिज करून देत नाही म्हणाले तरी अडत नाही. ओएनटीचं वाय-फाय बंद करा, त्याच्या लॅन (घराकडच्या) पोर्टातून वायर आणून तुमच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टात घाला, आणि ओएनटीमध्ये डीएमझेडचा, म्हणजे बाहेरून आलेलं सगळं एकाच मशीनकडं पाठवायचा, पर्याय असेल तर तिथं ओएनटीनं तुमच्या राउटरला दिलेला आयपी टाका. याला डबल नॅट म्हणतात, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोन्ही डबे करतात, आणि ऑफिसचं काम, व्हिडिओ, क्लास यांना त्याचा सहसा त्रास होत नाही. एक मात्र आधीच करा. बऱ्याच ओएनटींचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्तासुद्धा तोच. दोघं एकाच पत्त्यावर बसले की राउटरला बाहेरचं कुठलं आणि घरातलं कुठलं हेच कळत नाही. म्हणून ओपनडब्ल्यूआरटी टाकल्या टाकल्या, ओएनटीची वायर जोडायच्या आधी, राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ वगैरे करून टाका.

आता राउटर. दुकानात गेलं की चार अँटेना, सहा अँटेना, खोक्यावर मोठ्ठे आकडे, त्याच्यावर माणूस भुलतो. आपल्याला बघायचंय ते आत काय आहे. एक म्हणजे चिप. मीडियाटेक आणि क्वालकॉम-अथेरॉसच्या बऱ्याच चिपांना ओपनडब्ल्यूआरटीत चांगला आधार आहे. ब्रॉडकॉमच्या बहुतेक वाय-फायचे ड्रायव्हर खुले नाहीत, त्यामुळं तसल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसलं तरी वाय-फाय रडत चालतं किंवा चालतच नाही. दुसरं फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि रॅम (कामाची मेमरी), आज नवीन घेताना १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली उतरू नका. तिसरं, पोर्ट गिगाबिट आहेत का. खोक्यावर एसी१२०० लिहिलेलं असतं पण मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच, आर्चर सी५० असाच आहे. तुमच्या २०० च्या प्लॅनला तो लावलात तर निम्मा प्लॅन पोर्टातच अडकला.

नाव हवंय ना, टीपी-लिंक आर्चर सी६ व्ही३. एमटी७६२१ चिप, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम, सगळे पोर्ट गिगाबिट, आणि ओपनडब्ल्यूआरटीत आधार आहे. पण हे "व्ही३" फार महत्त्वाचं. त्याच नावाच्या व्ही२ मध्ये क्वालकॉमची चिप आहे, म्हणजे आतून वस्तूच वेगळी, आणि एकाची फाईल दुसऱ्यात चालत नाही. खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, राउटर उलटा करून खालचं स्टिकर बघा, तिथं मॉडेलच्या नावाशेजारी "व्हर्जन" लिहिलेलं असतं. ऑनलाइन मागवलात तर कुठलं व्हर्जन येईल याचा भरवसा नसतो, म्हणून मी म्हणेन राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात जाऊन, खोकं उघडायला लावून, स्टिकरचा फोटो काढून, तिथंच उभं राहून ओपनडब्ल्यूआरटीच्या साईटवरच्या हार्डवेअरच्या यादीत ते व्हर्जन आहे का ते बघा आणि मगच पैसे द्या. दुकानदाराला दोन मिनिटं थांबा म्हणायला लाजायचं काही कारण नाही.

पुढं प्लॅन वाढवायचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर मीडियाटेकच्या फिलॉजिक चिपचे राउटर बघा. जीएल-आयनेटचा एमटी३००० हा त्यातलाच, ५१२ एमबी रॅम, वाय-फाय ६, आणि त्याचं मूळ फर्मवेअरच (राउटरमधलं सॉफ्टवेअर) ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं असतं, त्यामुळं साधं ओपनडब्ल्यूआरटी चढवायला झटापट करावी लागत नाही. २०२४ च्या शेवटी ओपनडब्ल्यूआरटीच्याच लोकांनी "ओपनडब्ल्यूआरटी वन" नावाचा स्वतःचा राउटर काढला, १ जीबी रॅमचा. त्यात सावरण्याची प्रत वेगळ्या फ्लॅशवर ठेवलीय, काहीही बिघडवलं तरी राउटर परत उठवता येतो. हे सगळे ब्रँड त्यांच्या जागी भारी आहेत, पण तुमच्या २०० एमबीपीएसला सी६ व्ही३ पुरतो.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी जुना टीएल-डब्ल्यूआर८४१एन पडलाय. त्यात ओपनडब्ल्यूआरटी टाकून शिकायचंय. चालेल का? आणि डीडी-डब्ल्यूआरटी, टोमॅटो ही नावं पण ऐकलीत, त्यातलं कुठलं चांगलं?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

चालेल का हे तुझ्या राउटरच्या पाठीवर लिहिलंय. ८४१एन हे एक नाव आहे पण त्याची व्हर्जनं डझनाहून जास्त आलीत. बहुतेक जुन्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. व्ही१३ मध्ये ८ आणि ६४, आणि गंमत म्हणजे त्याच्या नंतरच्या व्ही१४ मध्ये परत ४ आणि ३२. नवीन व्हर्जन म्हणजे चांगलं असं धरून चालायचं नाही ते याच्यामुळं. ४/३२ वाल्यांसाठी अधिकृत ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ पर्यंतच आलं आणि त्या १९.०७ चाही सपोर्ट २०२२ मध्ये संपला, म्हणजे त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं त्यात तशीच आहेत. तेव्हा व्ही१३ असेल तर टाक आणि शिक. ४/३२ असेल तर शिकायला टेबलावर वापर, कमांड मार, बिघडव, परत उठव, पण घरच्या नेटच्या दारात त्याला बसवू नकोस.

नावांचं म्हणशील तर या सगळ्यांचं मूळ एकाच राउटरपाशी जातं. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२ मध्ये आला, त्यात लिनक्स वापरलंय हे लोकांच्या लक्षात आलं, आणि लिनक्सच्या जीपीएल लायसन्सप्रमाणं कंपनीला २००३ मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्याच कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं आणि नावातलं "डब्ल्यूआरटी" तिथलंच. डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटोसुद्धा त्याच काळातले. टोमॅटोचं आज चालू असलेलं रूप फ्रेशटोमॅटो, ते ब्रॉडकॉम चिपच्या राउटरवर चालतं, आणि आसुसच्या ठराविक मॉडेलांसाठी मर्लिन म्हणून आहे. म्हणजे घरात आधीच ब्रॉडकॉमवाला आसुस किंवा नेटगिअर असेल तर त्या वाटेला जा. पण शिकायचंय म्हणतोस तर ओपनडब्ल्यूआरटीच घे. त्यात प्रत्येक गोष्ट पॅकेज म्हणून टाकता-काढता येते, सगळ्या सेटिंग साध्या टेक्स्ट फाईलमध्ये /ईटीसी/कॉन्फिग या फोल्डरात असतात, एसएसएचनं (दुसऱ्या मशीनवरून कमांड देत) आत जाऊन उघडून वाचता येतात. कॉलेजात नेटवर्किंगच्या पेपरला सबनेट, व्हीलॅन, फायरवॉल पाठ करतोस ना, इथं तेच हातानं करून बघायला मिळतंय आणि चुकलं तर लगेच कळतंय.

आमच्याकडं अजून तांब्याच्या वायरचंच ब्रॉडबँड आहे, फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत आलंय पण घरात नाही. ओपनडब्ल्यूआरटी टाकता येणारा डीएसएल मोडेम मिळतो का?
— एक वाचक, कसबा बावडा

आहेत. लँटिक चिपचे काही मोडेम, टीपी-लिंकचा टीडी-डब्ल्यू८९७० त्यातलाच, त्यांवर ओपनडब्ल्यूआरटीत डीएसएलसुद्धा चालतं. पण आता त्याच्यामागं लागू नका. एडीएसएल२+ ची कमाल कागदावर २४ एमबीपीएस, आणि एक्स्चेंजपासून अंतर वाढलं की झपाट्यानं खाली. आहे तोच मोडेम ब्रिजमध्ये टाका (बीएसएनएलच्या लाईनला मोडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आकडे भरायचे), आणि मागं साधा इथरनेटचा ओपनडब्ल्यूआरटी राउटर लावून पीपीपीओई त्याच्यातून करा. उद्या फायबर घरात आलं की मोडेम फक्त काढायचा, राउटर तोच राहतो, सेटिंगही बरीचशी तीच.

मंगळवार पेठेत आमचा जुना वाडा, दोन मजले, भिंती हातभर जाड. नेटचा स्पीड टेस्टमध्ये १०० दाखवतंय पण धाकट्यानं गेमचं अपडेट लावलं की थोरल्याचा ऑनलाइन क्लास अडकतो, आवाज तुटतो. दुकानदार म्हणतोय ३०० चा प्लॅन घ्या आणि मोठा राउटर घ्या. घेऊ का?
— एक गृहिणी, मंगळवार पेठ

ताई, थांबा, प्लॅन वाढवू नका. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीला इलाज वेगळा.

आधी अडकण्याचं. क्लासला स्पीड फार लागत नाही, दोनतीन एमबीपीएसमध्ये व्हिडिओ कॉल निभावतो. त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. अपडेट सुरू झालं की त्याचं सामान राउटरमध्ये आणि कंपनीच्या बाजूला साठत जातं आणि क्लासच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या ढिगाऱ्यामागं उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. घरच्या घरी बघता येतंय: लॅपटॉप वायरनं राउटरला लावा, कमांडची काळी खिडकी उघडून "पिंग -टी ८.८.८.८" चालू ठेवा (-टी नसेल तर विंडोजवर ते चार ओळींत थांबतं), ओळीच्या शेवटी मिलिसेकंदाचा आकडा येत राहील. आता दुसऱ्या मशीनवर मोठं डाउनलोड लावा. आकडा होता त्याच्या आसपासच राहिला तर लाईन चांगली आहे, आणि १५-२० वरून २००-३०० ला गेला तर तुमचा क्लास का तुटतो ते तिथंच दिसलं. ३०० चा प्लॅन घेतला तर अपडेट तेवढं जास्त ओढणार आणि ढीग तसाच होणार.

ओपनडब्ल्यूआरटीत याच्यासाठी एसक्यूएम नावाचं पॅकेज आहे आणि माझ्या मते फर्मवेअर बदलायचं सगळ्यात मोठं कारण हेच. त्यात केक नावाची पद्धत निवडायची. आपल्या अंबाबाईच्या देवळात मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ज्याला नुसतं तोंड बघून हात जोडून जायचंय त्याला गाभाऱ्याच्या मोठ्या रांगेत तासभर उभं राहावं लागत नाही, केक असंच करतं, प्रत्येकाची रांग वेगळी ठेवतं आणि छोट्यांना अडकू देत नाही. सेटिंग अशी: कुणीच नेट वापरत नसताना चारपाच वेळा स्पीड बघा, जो आकडा कायम मिळतो त्याच्या ८५ ते ९० टक्के डाउनलोडला आणि अपलोडला टाका, म्हणजे १०० मिळत असेल तर ८५ हजार ते ९० हजार केबीपीएस. लिंक लेअरमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेडला ४४ टाकलं तर फायबरवर चुकत नाही. मग परत पिंग लावून बघा, डाउनलोड चालू असताना आकडा जागेवर राहिला की झालं. दहा-पंधरा टक्के स्पीड सोडावा लागतो हे खरं, तो सोडायचा, कारण रांग कंपनीच्या डब्यात न होता आपल्या राउटरमध्ये झाली तरच आपल्याला ती लावता येते.

एक लक्षात ठेवा, एसक्यूएमला प्रोसेसर लागतो. तुमच्या १०० ला एमटी७६२१ वाला राउटर निवांत पुरतो, पण ५०० किंवा १ जीबीपीएसचा प्लॅन असणाऱ्यांनी फिलॉजिकच्या वर्गातलंच काहीतरी घ्यावं, नाहीतर एसक्यूएम चालू केलं की राउटरच दमतो.

आता भिंतींचं. दगड-विटांच्या हातभर भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, २.४ कसंबसं जातं, आणि "मोठा राउटर" घेऊन त्यात काही फरक पडत नाही कारण फोनलाही परत बोलावं लागतं आणि फोनची ताकद तेवढीच असते. वरच्या मजल्यावर एक वायर न्या. जिन्याच्या कडेनं, खिडकीच्या चौकटीतून, कशीही न्या पण न्या. वायर घेताना शुद्ध तांब्याची कॅट६ मागा, स्वस्तातली सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, ती वाकवली-ओढली की आतून तुटते. आणि क्रिंप करणाऱ्याला, म्हणजे वायरीच्या टोकाला पिन बसवणाऱ्याला, आठही तारा लावायला सांगा. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात म्हणून काहीजण चारच लावतात, आणि गिगाबिटला आठ लागतात. वर त्या वायरीला दुसरा राउटर ॲक्सेस पॉईंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय द्यायला, लावा, नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा, चॅनेल मात्र वेगळा, २.४ वर १, ६, ११ यांतला खाली एक आणि वर दुसरा, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. पेठेत घराला घर लागून आहे, शेजारपाजारचे दहा-पंधरा वाय-फाय दिसत असतील, तिथं ४० ची रुंदी लावली तर तुमचंही बिघडतं आणि त्यांचंही.

आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. फर्मवेअर टाकताना लाईट गेली तर राउटर मेला म्हणायचा का? त्याच भीतीनं वर्षभर घेतलेला राउटर तसाच ठेवलाय.
— एक वाचक, उचगाव

भीती रास्त आहे, पण वर्षभर थांबण्याएवढी नाही. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, राउटर आणि ओएनटी दोन्ही त्याच्यावर लावा, फर्मवेअर टाकतानाही उपयोग आणि एरवी लाईट गेल्यावरही नेट चालू. घेण्याआधी दोन्हींच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलंय ते बघा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात, त्याला १२ ची पिन लावू नका. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू दे. आणि हे काम वाय-फायवरून कधीच करायचं नाही, लॅनची वायर लावूनच.

फाईल घेताना दोन प्रकार दिसतील. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा ओपनडब्ल्यूआरटीला जाताना "फॅक्टरी" नावाची, आणि ओपनडब्ल्यूआरटीवरून पुढच्या ओपनडब्ल्यूआरटीला जाताना "सिसअपग्रेड" नावाची. फाईलशेजारी एसएचए२५६ चा लांबलचक आकडा दिलेला असतो, उतरवलेल्या फाईलचा आकडा काढून तो जुळतोय का बघा, अर्धवट उतरलेली फाईल तिथंच पकडली जाते. कंपनीचं मूळ फर्मवेअरही आधीच उतरवून ठेवा. त्यानंतर बटण दाबलं की पाच मिनिटं हात लावायचा नाही. दिवे लुकलुकतात, बंद पडतात, परत लागतात, सगळं होऊ द्या. पहिल्यांदा चालू झाल्यावर वाय-फाय दिसत नाही म्हणून बरेच जण घाबरतात, पण ओपनडब्ल्यूआरटीत वाय-फाय सुरुवातीला बंदच असतं. वायरनं १९२.१६८.१.१ उघडा, रूटला (मुख्य युजरला) पासवर्ड घाला, वाय-फायचा देश "आयएन" निवडा, मग चालू करा.

आणि एवढं करूनही मध्येच लाईट गेलीच तर बहुतेक राउटरमध्ये बूटलोडर, म्हणजे राउटर उठवणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा असतो, तो शाबूत राहतो. टीपी-लिंकच्या काही मॉडेलांमध्ये लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा आयपी देऊन टीएफटीपीचा (फाईल पाठवायचा) प्रोग्रॅम चालू ठेवायचा, रीसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू करायचा, की तो स्वतः येऊन फाईल मागतो. फाईलचं नाव आणि पत्ता मॉडेलप्रमाणं बदलतो, त्यामुळं तुमच्या मॉडेलचं ओपनडब्ल्यूआरटीवरचं पान आधीच उतरवून ठेवा, ऐन वेळी घरात नेटच नसणार आहे. वॉरंटीचं मात्र आधी ठरवा, कंपनी फर्मवेअर बदललेला राउटर परत घ्यायला नकार देऊ शकते, म्हणून पहिले आठ-पंधरा दिवस मूळ फर्मवेअरवर चालवून वस्तू धड आहे का ते बघून घ्या.

दोन पोरं, दोन मोबाईल. रात्री दहाला नेट बंद करायचंय पण माझं ऑफिसचं चालू राहिलं पाहिजे. राउटरमधून होईल का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

होईल. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये ट्रॅफिक रूल करता येतो, पोरांच्या फोनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर फोन ओळखायचा नंबर) द्यायचा, वेळ द्यायची, वॅनकडं जाणारं नाकारायचं. दोन अडचणी येतील त्या आधीच सांगतो. नवे अँड्रॉइड आणि आयफोन वाय-फायला खरा मॅक न देता बनवलेला मॅक देतात, पोरानं नेटवर्क विसरून परत जोडलं तर काही फोनमध्ये तो बदलू शकतो आणि तुमचा नियम हवेत. म्हणून पोरांसाठी वेगळं वाय-फाय नाव काढा, फायरवॉलमध्ये त्याचा वेगळा झोन (गट) करा, आणि नियम त्या अख्ख्या झोनला लावा. दुसरं म्हणजे बहुतेक राउटरमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं, लाईट जाऊन आल्यावर तो नेटवरून वेळ घेईपर्यंत त्याची वेळ चुकलेली असते, आणि टाइमझोन एशिया/कोलकाता केला नाही तर दहाचा नियम साडेतीनला लागेल. अर्थात मोबाईलचं स्वतःचं डेटा पॅक राउटरच्या हातात येत नाही, ते पोरांशी बोलूनच मिटवायचं.

शाहूपुरीत तळमजल्यावर राहतो. २०१९ ला घरात पाणी आलं होतं. आता नवीन फायबर घेतोय, डबा कुठं बसवू?
— एक वाचक, शाहूपुरी

बसवायला येणारा माणूस दाराजवळ, कमरेच्या उंचीवर बसवायला बघतो कारण त्याची वायर तिथं संपते. आधीच सांगा, वायर जास्त घेऊन या, आणि वरच्या मजल्यावर किंवा निदान लॉफ्टच्या उंचीला, जिथं २०१९ ची खूण पोचली नव्हती तिथं ओएनटी, राउटर, यूपीएस तिन्ही एकत्र बसवा. फायबर ओढताना काटकोनात दुमडू देऊ नका, मोठा वळसा घ्यायला सांगा. फायबरच्या टोकाचा कनेक्टर हिरवा आणि निळा अशा दोन प्रकारांत येतो, हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं, हिरवा निळ्यात घालायचा नाही, प्रकाश वाया जातो. पुराच्या वेळी वीज बंद करून घर सोडायची वेळ आली तर फायबर तिथंच राहू दे, फक्त टोकाला टोपी लावा म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, आणि राउटर पिशवीत घालून सोबत न्या. त्याआधी लूसीमध्ये, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंगच्या पानांत, बॅकअपचं पान आहे, तिथून सेटिंगची फाईल उतरवून स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा. राउटर गेला तरी त्याच मॉडेलचा दुसरा आणून ती फाईल चढवली की घर आहे तसं चालू.

नवीन राउटर घेतला, जुना टाकून देऊ की काही उपयोग आहे?
— एक वाचक, फुलेवाडी

टाकू नका. त्यातली डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, नव्याचा पत्ता १९२.१६८.१०.१ असेल तर जुन्याचा १९२.१६८.१०.२ करा, म्हणजे नव्या राउटरच्या घरातलाच पण वेगळा, आणि नव्याच्या लॅन पोर्टातून आलेली वायर जुन्याच्या लॅन पोर्टातच घाला, वॅन पोर्ट मोकळा सोडा. मागच्या खोलीचं वाय-फाय झालं. फक्त त्याच्या फर्मवेअरला अजून अपडेट येतात का तेवढं बघा. येत नसतील तर त्याचं वाय-फाय बंद ठेवून टीव्ही आणि प्रिंटरला वायर लावायला नुसता स्विच म्हणून वापरा.